अवजड ट्रेलरसाठी पुलरची निवड

ट्रान्सफॉर्मर, पवनचक्कीचे भाग, खाणकामाची यंत्रे असा सुटा न करता येणारा बोजा लोबेडवरून (बुटक्या पाठीच्या ट्रेलरवरून) किंवा हायड्रॉलिक अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवरून ओढणाऱ्या ट्रकला पुलर, हॉर्स किंवा प्राइम मूव्हर म्हणतात. पुलर निवडताना बहुतेकांची नजर आधी अश्वशक्तीच्या आकड्यावर जाते. खरा हिशेब मात्र चाक रस्त्याला टेकते तिथून सुरू होतो, आणि तोही मार्गावरच्या सर्वांत वाईट जागेसाठी करायचा असतो: चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे, म्हणजे जागची हलवणे.

पुलर, ट्रेलर आणि बोजा मिळून १०० टन वजन आणि ६ टक्के चढ धरू. चढापायी सुमारे ५९ किलोन्यूटन आणि टायरांच्या घर्षणापायी सुमारे ७ किलोन्यूटन असा ६६ किलोन्यूटनांचा विरोध उभा राहतो. तो मोडून ताशी १० किलोमीटरने चढायला चाकांपाशी साधारण २५० अश्वशक्ती पुरते, २० ला ५०० लागते आणि ४० ला १,०००. म्हणजे जादा अश्वशक्तीने चढ लवकर संपतो, एवढेच. गाडी जागची हलेल की नाही हे टॉर्क (इंजिनाचा फिरवणारा पीळ), गिअरची गुणोत्तरे आणि चाकांची रस्त्यावरची पकड ठरवतात.

पकडीचे गणित सोपे आहे. इंजिनाची ताकद मिळणाऱ्या अ‍ॅक्सलांवर २६ टन भार असेल, तर कोरड्या रस्त्यावर सुमारे १५० किलोन्यूटन ओढ मिळू शकते. ओल्या, चिखलट रस्त्यावर ती निम्म्यावर येते, तरी ६६ च्या वरच राहते. तेच एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन असतील तर कोरड्यातही जेमतेम ६८ मिळतात आणि पाऊस पडला की चाके जागीच फिरतात. म्हणून या कामाला ६×४ ही किमान मांडणी. यात सहापैकी चार चाकांना ताकद मिळते आणि जोडचाक एकच मोजतात. त्यापुढे ८×४, ८×६, ८×८ येतात. ट्रेलरचा सगळा भार त्याच्याच चाकांवर असेल आणि पुलर नुसता दांड्याने ओढत असेल, तर पकड मिळावी म्हणून पुलरच्या पाठीवर लोखंडाची किंवा काँक्रीटची वजने चढवतात.

आता गाडी उचलण्याचे पाहू. २,५०० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिनही क्लच जुळताना, कमी फेऱ्यांवर, साधारण १,१०० च देते असे धरू. पहिल्या गिअरचे गुणोत्तर १२, डिफरन्शियलचे (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या, चाकांकडे ताकद वळवणाऱ्या गिअरसंचाचे) २.६ आणि वाटेतली गळती दहा टक्के धरली, तर चाकांपाशी सुमारे ३१,००० न्यूटन-मीटर पोचतात. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या टायरला गरज असते ३३,००० ची. गाडी जागची हलत नाही, ड्रायव्हर क्लच घसरत ठेवतो आणि केबिनमध्ये करपट वास येतो. डिफरन्शियल ४.५ चे असते तर त्याच इंजिनाने ५३,००० दिले असते. वेगवान महामार्गासाठी बांधलेला ट्रक अवजड कामाला लावू नये, तो यामुळेच. जड पुलरमध्ये गिअरची शेवटची घट चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) करतात, म्हणजे डिफरन्शियलवर आणि आसांवर पीळ कमी येतो. क्लच वाचवायचे दोन मार्ग आहेत: टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या माध्यमातून ताकद पुढे देणारा जोड), किंवा अतिसावकाश चालणारे क्रॉलर गिअर. व्होल्वोने २०१६ साली आणलेले क्रॉलर गिअर ३२५ टनांपर्यंतचे एकूण वजन जागचे हलवण्यासाठी आहेत.

वेग कमी म्हणजे समोरून येणारा वाराही कमी, आणि इंजिन मात्र पूर्ण भाराने राबत असते. म्हणून मोठा रेडिएटर आणि दणकट पंखा लागतो. हाच रेडिएटर उतारावरही कामी येतो. वर धरलेलेच वजन त्याच ६ टक्के उतारावर ताशी २० ने उतरवताना सुमारे २९० किलोवॅट शक्ती सतत जिरवावी लागते. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर लायनर तापून ब्रेक धरेनासे होतात. इंजिन ब्रेकच्या जोडीला रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग आवरणारे यंत्र, हवाच. तेलावर चालणारा रिटार्डर आपली उष्णता इंजिनाच्याच पाण्यात सोडतो. चढायला पुरणारा पण उतरायला अपुरा पुलर सरळ नाकारावा.

फिफ्थ व्हील (पुलरच्या पाठीवरची जोडणीची तबकडी) आणि किंगपिन (तिच्यात अडकणारी ट्रेलरची खुंटी) एकाच मापाचे हवेत: नेहमीच्या कामाला दोन इंची, जास्त जडाला साडेतीन इंची. फिफ्थ व्हील पुढे सरकवले की स्टिअरिंग अ‍ॅक्सलवर भार वाढतो, फार मागे नेले की पुढची चाके हलकी होऊन वळणावर ऐकत नाहीत. चॅसी (गाडीचा सांगाडा) दुहेरी पट्ट्यांची असणे चांगले. केबिनची निवड चालकावर सोडावी.

पुलरच्या पाटीवर लिहिलेले कमाल एकूण वजन त्याच्या सर्वांत कमजोर भागाच्या कुवतीवर ठरते, त्यामुळे मोठे इंजिन बसवल्याने ते वाढत नाही. शिवाय ४.५ च्या डिफरन्शियलची किंमत रिकाम्या परतीला मोजावी लागते: इंजिन जास्त फेऱ्यांवर पळते आणि डिझेल जास्त जाते. ज्याच्या वर्षातल्या जड फेऱ्या मोजक्याच आहेत, त्याने त्या फेऱ्यांपुरता दुसरा पुलर भाड्याने जोडून ट्रेलर दोघांनी ओढावा. बाकी वर्षभर मधल्या गुणोत्तराचा ट्रक त्याला स्वस्त पडतो.