डेस्कटॉप वॉलपेपरमागची फोटो फाइल शोधणं

कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर जो फोटो लावलेला असतो त्याची फाइल डिस्कवर नक्की कुठे पडलीये ते हुडकून काढणं, एवढाच हा विषय. पण याची गरज बहुतेक वेळा अडचणीत पडते. घरातल्या कुणीतरी गणपतीतला सगळ्या घरादाराचा फोटो कधीतरी वॉलपेपर म्हणून लावलेला असतो, मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर होता तो केव्हाच गेलेला असतो, आणि आता फोटो उरलाय तो फक्त समोर स्क्रीनवर. अशा वेळी सगळ्यात आधी एकच गोष्ट पाळायची, फाइल हाती लागेपर्यंत वॉलपेपर बदलायचा नाही, थीम बदलायची नाही, कुणाला बदलूही द्यायची नाही.

याचं कारण विंडोज वॉलपेपर कसा लावतं त्यात आहे. आपण फोटोवर राइट क्लिक करून तो डेस्कटॉपला लावतो तेव्हा विंडोज ती मूळ फाइल रोज उठून वाचत बसत नाही, ते तिची स्वतःपुरती एक कॉपी बनवून ठेवतं आणि स्क्रीनवर दिसते ती ही कॉपी. म्हणून पेन ड्राइव्ह काढला, मूळ फोटो डिलीट केला, तरी वॉलपेपर जागच्या जागी राहतो. पण ही कॉपी एकच असते आणि नवीन वॉलपेपर लावला की तिच्यावरच नवीन फोटो लिहिला जातो, मग जुना गेला तो गेलाच.

विंडोज १० आणि ११ मध्ये ही कॉपी मिळवणं तसं सोपं आहे. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं की रन बॉक्स उघडतो, त्यात पर्सेंटचं चिन्ह, ॲपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारायचं. ॲपडेटा हा फोल्डर एरवी हिडन असतो, म्हणून फाइल एक्सप्लोररमधून शोधणाऱ्यांना तो दिसतच नाही आणि लोक तिथेच अडकतात, रन बॉक्समधून गेलं की तो प्रश्नच येत नाही. पुढे मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात थीम्स. तिथे ट्रान्सकोडेडवॉलपेपर नावाची फाइल असते जिला एक्स्टेंशनच, म्हणजे नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारं डॉट जेपीजीसारखं शेपूटच नसतं, त्यामुळे डबल क्लिक केलं तर विंडोज कशात उघडू म्हणून विचारतं. ती आधी डेस्कटॉपवर कॉपी करून घ्यायची, मग त्या कॉपीच्या नावाला शेवटी डॉट जेपीजी जोडायचं, फोटो उघडतो. दोन मॉनिटर असतील तर ट्रान्सकोडेड_००० आणि ट्रान्सकोडेड_००१ अशा वेगळ्या फाइल्सही सापडतात. शेजारच्या कॅश्डफाइल्स फोल्डरमध्ये स्क्रीनच्या मापाचा फोटो असतो, नावातच १९२० आणि १०८० असे आकडे दिसतात, पण तो कापलेला किंवा ताणलेला असू शकतो, म्हणून घ्यायची ती ट्रान्सकोडेडवालीच.

एक मात्र लक्षात ठेवायला हवं, ही कॉपी मूळ फोटोच्या तोडीची नसते. विंडोज फोटो परत जेपीईजी करताना क्वालिटी १०० पैकी साधारण ८५ वर आणतं, स्क्रीनवर फरक कळत नाही पण मोठी प्रिंट काढून फ्रेम करायची असेल तर मूळ फाइल मिळाली तर फारच बरं.

मूळ फाइल कुठे होती याचा पत्ता, ज्याला पाथ म्हणतात, तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतं तिथे राहतो. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप असं जायचं आणि ट्रान्सकोडेडइमेजकॅश ही नोंद नुसती उघडून बघायची, त्यात बदल काही करायचा नाही. आत आकड्यांच्या रांगा दिसतात, त्यातली दोन चिन्हांची प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट, पहिले २४ बाइट सोडले की तिथून पाथ सुरू होतो आणि उजव्या बाजूला इंग्रजी अक्षरं एकेक टिंब सोडून वाचता येतात, कारण इथे प्रत्येक अक्षराला दोन बाइट दिलेले आहेत आणि इंग्रजीत दुसरा बाइट शून्य असतो. फाइलला मराठीत नाव दिलं असेल तर उजवीकडे नुसती भलतीच चिन्हं दिसतात, पण घाबरायचं कारण नाही, नाव शाबूत असतं. ‘आई’ हे नाव तिथे ०६ ०९ ०८ ०९ असं दिसेल, देवनागरी अक्षरांचा दुसरा बाइट ०९ असतो, त्यामुळे एकाआड एक ०९ दिसले की तिथे मराठी आहे हे ओळखता येतं. पाथ कळला की तो फोल्डर, ती जुनी डिस्क किंवा तो पेन ड्राइव्ह शोधायला निदान दिशा तरी मिळते.

जुन्या मशिनवर गोष्टी जरा वेगळ्या. विंडोज ७ मध्ये ही फाइल त्याच थीम्स फोल्डरमध्ये पण डॉट जेपीजी लावूनच असते. विंडोज एक्सपी मात्र जेपीईजी फोटो लावला की त्याचा बीएमपी हा दुसरा फाइल प्रकार करायचं, आणि वॉलपेपर१ नावाची ती फाइल युजरच्या लोकल सेटिंग्ज, ॲप्लिकेशन डेटा, मायक्रोसॉफ्ट या फोल्डरात पडलेली असते. एक्सपीचा तो हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असलेला फोटो, जो सायबर कॅफेपासून सरकारी ऑफिसपर्यंत सगळीकडे असायचा, तो चार्ल्स ओ’रिअर या फोटोग्राफरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला, आणि त्याची फाइल ब्लिस या नावाने सी ड्राइव्हवर विंडोज, वेब, वॉलपेपर या फोल्डरात असायची. विंडोजसोबत येणारे फोटो आजही त्याच वेब फोल्डरात असतात. लॉक स्क्रीनवर रोज बदलणारे स्पॉटलाइटचे फोटो विंडोज १० मध्ये वेगळीकडे, लोकल ॲपडेटाच्या पॅकेजेसमध्ये कंटेंट डिलिव्हरी मॅनेजरच्या फोल्डरात, तिथेही लांबलचक नावाच्या बिनएक्स्टेंशनच्या फाइल्स असतात आणि त्यातल्या मोठ्या साइजच्या तेवढ्या कामाच्या.

मॅकवर वॉलपेपरचा पाथ बरीच वर्षं लायब्ररीतल्या डॉक फोल्डरमध्ये एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये असायचा, मॅकओएसच्या २०२३ च्या सोनोमा नावाच्या व्हर्जनपासून ही व्यवस्था बदलली आणि माहिती वॉलपेपरच्या स्वतःच्या फोल्डरात गेली. लिनक्सवर वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात, त्यातला नोम असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, जीसेटिंग्ज कमांडने पिक्चर-यूआरआय विचारला की पाथ समोर येतो, पण डार्क मोड चालू असेल तर पिक्चर-यूआरआय-डार्क ही वेगळी सेटिंग बघावी लागते, ही २०२२ पासून आली आणि अनेकजण नेमके इथेच चुकीच्या फोटोचा पाथ घेऊन बसतात. सेटिंग्जमधून स्वतःचा फोटो लावला असेल तर नोम त्याची कॉपी होम फोल्डरातल्या हिडन लोकल, शेअर, बॅकग्राउंड्स या फोल्डरात ठेवतं. केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये पाथ प्लाझ्माच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, साध्या अक्षरांत लिहिलेला असतो.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमधून सगळे आयकॉन लपवायचे, टास्कबारही लपवायचा, आणि प्रिंट स्क्रीन घेऊन पेंटमध्ये पेस्ट करून सेव्ह करायचं. स्क्रीनचं जेवढं रिझोल्यूशन तेवढाच फोटो मिळतो. फोटो घरचा नसून नेटवरून घेतलेला असेल तर हाच स्क्रीनशॉट गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकून त्याची मोठी कॉपी शोधता येते.