ताकदीचा व्यायाम : तरतरी आणि आत्मविश्वास

स्नायूंना त्यांच्या रोजच्या कामापेक्षा जास्त भाराविरुद्ध, ठरावीक दिवसांच्या अंतराने आणि भार हळूहळू वाढवत काम करायला लावणे, म्हणजे ताकदीचा व्यायाम. शास्त्रीय लेखनात त्याला शक्तिप्रशिक्षण म्हणतात. जिममध्ये ‘वेट ट्रेनिंग’ हा शब्द रुळला आहे. भार लोखंडाचाच असला पाहिजे असे नाही. डंबेल, बारबेल, मशीन, रबरी पट्टा किंवा जोर-बैठकांत उचलले जाणारे स्वतःचेच वजन, यांपैकी काहीही चालते. अट एवढीच की सेटमधील, म्हणजे न थांबता सलग केलेल्या आवर्तनांच्या एका फेरीतील, शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना खरोखर कष्ट पडले पाहिजेत. या व्यायामाने स्नायू आणि हाडे बळकट होतात हे सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत नोंद त्याच्या दोन वेगळ्या परिणामांविषयी आहे : दिवसभर टिकणारी तरतरी आणि स्वतःच्या शरीरावर बसणारा भरवसा. हे दोन्ही बहुतांशी एकाच ठिकाणाहून येतात. एखाद्या कामाला लागणारे बळ आणि माणसाचे कमाल बळ यांत जे अंतर असते, त्याला येथे राखीव ताकद म्हटले आहे. ती वाढली की काम तेवढेच राहते, पण ते करणाऱ्याला ते लहान वाटू लागते.

वजने उचलून बळ कमावण्याची रीत प्राचीन असली, तरी तिला मोजमापाची शिस्त लागली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकी लष्करातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म हे शिकागो येथील लष्करी रुग्णालयात पायाच्या दुखापतींतून सावरणाऱ्या सैनिकांवर उपचार करत होते. अशा पायांना हलके आणि पुष्कळ आवर्तनांचे व्यायाम द्यावेत, असा त्या काळचा प्रघात होता. डीलॉर्म यांनी उलट जड वजने दिली आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी पद्धत सुटसुटीत केली. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे. त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊणपट वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा सेट करायचा. आणि ताकद वाढेल तसे ते वजन नव्याने ठरवायचे. जगभरच्या व्यायामशाळांत आज ‘दहाचे तीन सेट’ हा मंत्रासारखा म्हटला जाणारा आकडा प्रामुख्याने येथून लोकप्रिय झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या पद्धतीतील महत्त्वाची गोष्ट सेटची संख्या नव्हे. आपण सुधारत आहोत हे रुग्णाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत नव्हते. सुधारणा त्याच्या पायाला बांधलेल्या लोखंडी बुटावर, किलोंमध्ये मोजता येईल अशी, चढवलेली असे.

तरतरी वाढते म्हणजे शरीरात इंधन जास्त साठते, असा समज आढळतो. तो अगदीच निराधार नाही, कारण प्रौढ शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, बहुतेक साठा स्नायूंमध्येच असतो. पण पायऱ्या चढताना गळून जाणाऱ्या माणसाचे इंधन क्वचितच संपलेले असते. संपते ती राखीव ताकद. एखाद्याला एका हाताने जास्तीत जास्त २५ किलो उचलता येत असतील, तर २० किलोची बॅग त्याच्या कमाल बळाचे ८० टक्के मागते. काही महिन्यांच्या सरावाने ही मर्यादा ४० किलोंवर गेली, तर तीच बॅग निम्मेच बळ मागते. फरक नुसता हिशेबातला नाही. स्नायू कमाल मर्यादेच्या जवळ आवळला जातो तेव्हा त्याच्या आतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा अडतो आणि लवकर थकणारे मोठे स्नायुतंतूही कामाला लावावे लागतात. शिवाय हृदयाची गती आणि रक्तदाब किती चढेल, हेही उचललेल्या वजनापेक्षा ते वजन कमाल बळाचा किती हिस्सा आहे यावर अधिक अवलंबून असते. म्हणून ताकद वाढलेल्या माणसाला त्याच बॅगेने, त्याच जिन्यावर कमी धाप लागते. फुप्फुसांत काहीही बदललेले नसताना ‘दम वाढला’ असे त्याला वाटते, आणि व्यवहारापुरते ते खरेही असते.

याचा सर्वांत ठळक पुरावा तरुण खेळाडूंकडून नव्हे, तर वृद्धाश्रमांतून आला. अमेरिकेतील डॉक्टर मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ९० वर्षे वयाच्या १० दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. ज्या ९ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, तर मांडीच्या स्नायूंचा आकार सुमारे ९ टक्क्यांनीच. १९९४ मध्ये याच गटाने १०० रहिवाशांवर केलेला दहा आठवड्यांचा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यात काहींना व्यायाम, काहींना पोषक पूरक आहार, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही, अशी विभागणी होती. व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याची शक्ती वाढली, आणि मुख्य म्हणजे कोणी न सांगता ते दिवसभरात अधिक हालचाल करू लागले. नुसत्या पूरक आहाराने यांपैकी काहीच साधले नाही. ऊर्जा बाहेरून भरण्याची वस्तू असती, तर निकाल उलटा लागायला हवा होता. खुर्चीतून उठणे हेच ज्याच्या कमाल बळाच्या काठावरचे काम असते, तो माणूस उठण्याचे टाळतो. टाळण्याने आणखी दुर्बल होतो. आणि या चक्राला बाहेरचे लोक ‘वयोमानाने आलेला थकवा’ असे नाव देतात.

ताकद १७४ टक्के आणि आकार ९ टक्के, ही तफावत नवशिक्यांना धीर देणारी आहे. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः मज्जासंस्थेचे असते : मेंदू जास्त स्नायुतंतू एका वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावायला शिकतो, विरोधी स्नायूंचा नाहक ताण सोडतो आणि हालचालीत समन्वय आणतो. दृश्य बदल मागाहून येतो. आरशात काही दिसत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात व्यायाम सोडणारे लोक नेमके तेव्हाच सोडतात, जेव्हा आतले काम सर्वांत वेगाने चाललेले असते.

आत्मविश्वासाकडे वळताना शब्द जपून वापरावा लागतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात ‘हे काम मला जमेल’ या विशिष्ट विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत : स्वतः काम पार पाडण्याचा अनुभव, आपल्यासारख्या इतरांना ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला स्रोत सर्वांत प्रबळ मानला जातो. ताकदीच्या व्यायामात तो फार शुद्ध रूपात मिळतो, कारण येथे यशाची व्याख्या कोणाच्या मतावर अवलंबून नसते. दांडा वर गेला किंवा गेला नाही.

एका सेटकडे जवळून पाहिले म्हणजे हे कळते. ४२.५ किलोंचा दांडा खांद्यांवर घेऊन कोणी बैठका मारत आहे; मागच्या आठवड्यात ४० किलो होते, म्हणजे या वेळी दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक पातळ चकती जास्त. पहिली तीन आवर्तने सहज होतात. चौथ्याला खालून वर येताना मांड्या जमिनीला समांतर असतात त्याच्या थोडे वर वेग मंदावतो. ही नेहमीची अडण्याची जागा. पाचव्याला तेथे दांडा जवळजवळ थांबतो, छाती पुढे झुकू पाहते, आणि ‘आता होत नाही’ असे वाटून गेल्यावरही दोन सेकंदांत गुडघे सरळ होतात. वहीत ‘४२.५ × ५’ एवढीच नोंद पडते. पण या सेटने दोन गोष्टी शिकवलेल्या असतात : कालपर्यंत न जमणारे काम आज जमले, आणि ‘होत नाही’ ही भावना व प्रत्यक्ष मर्यादा यांत बरीच मोकळी जागा असते. धडधडणारे हृदय आणि थरथरणारे पाय हे धोक्याचे नव्हे, श्रमाचे लक्षण आहे, हा बंडुरा यांच्या चौथ्या स्रोतातील बदलही येथेच घडतो. छातीत धडधडले की घाबरून जाणाऱ्यांना त्याचा विशेष उपयोग होतो.

हा विश्वास मात्र आपोआप सगळीकडे पसरत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तीन आठवड्यांनी ट्रेडमिल चाचणी दिलेल्या ४० पुरुषांवरील १९८३ च्या अभ्यासात असे दिसले की, चाचणीने चालणे, धावणे, जिना चढणे यांसारख्या तिच्याशी मिळत्याजुळत्या कामांचा आत्मविश्वास वाढला. वजन उचलण्यासारख्या वेगळ्या कामांचा विश्वास वाढण्यासाठी मात्र डॉक्टर-नर्सनी निकाल समजावून सांगावा लागला. रॉबर्ट सोनस्ट्रोम आणि विल्यम मॉर्गन यांनी १९८९ मध्ये मांडलेले प्रारूप हेच पायऱ्यांनी दाखवते : आधी विशिष्ट कामाची खात्री, मग शरीराच्या क्षमतेविषयीचे मत व शरीराचा स्वीकार, आणि सर्वांत शेवटी एकूण आत्मसन्मान. प्रत्येक पायरीवर परिणाम थोडा पातळ होत जातो. म्हणून डेडलिफ्ट करणारा, म्हणजे जमिनीवरून जड दांडा उचलणारा, माणूस सभेत निर्भयपणे बोलू लागेल, असे आश्वासन देणाऱ्या जाहिराती वाचताना एक भुवई वर गेलेली बरी.

मनःस्थितीवरील परिणामाचा पुरावा मात्र चांगला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ यादृच्छिक (सहभागींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटणाऱ्या) चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, एकूण १,८७७ सहभागींमध्ये, ताकदीच्या व्यायामाने नैराश्याची लक्षणे लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले. त्यातील एक निष्कर्ष या नोंदीच्या मांडणीला मुरड घालणारा आहे, आणि तो टाळणे योग्य होणार नाही : लक्षणांतील घट ताकद किती वाढली यावर अवलंबून दिसली नाही. म्हणजे मन हलके होण्यामागे राखीव ताकदीशिवाय इतरही काही असले पाहिजे. ठरलेल्या वेळी ठरलेले काम पार पडणे, बरी झोप आणि सोबतीला असलेली माणसे यांचा त्यात वाटा असणे संभवते. उपचार चालू असलेल्या रुग्णाने व्यायामाला औषधाचा पर्याय न मानता जोड मानावी.

प्रत्यक्ष व्यायाम फार गुंतागुंतीचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना काम देणारा, मध्यम किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा व्यायाम करावा. बसणे-उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे आणि वजन घेऊन चालणे, एवढ्या हालचालींत बहुतेक शरीर येते. नवशिक्यासाठी ८ ते १२ आवर्तने होतील असे वजन सोयीचे. ठरल्यापेक्षा एक-दोन आवर्तने जास्त होऊ लागली की वजन थोडे वाढवावे. प्रत्येक सेट अगदी हात टेकेपर्यंत ओढण्याची गरज नसते. तरतरी हे उद्दिष्ट असेल तर व्यायामानंतर दोन तास झोप काढावी लागणे ही शौर्याची खूण नव्हे, तर मात्रा चुकल्याची खूण होय. पहिल्या दोन आठवड्यांत थकवा उलट वाढल्यासारखा वाटू शकतो, कारण सवय नसलेल्या श्रमानंतर २४ ते ७२ तासांत स्नायू सर्वाधिक दुखतात. हे दुखणे सरावाने ओसरते. अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा झोपेत श्वास अडणे यांसारखे कारण असेल, तर वजने उचलून ते कारण जात नाही.

मिळालेला आत्मविश्वास उलटूही शकतो. तो कामगिरीऐवजी आरशावर उभा राहिला, की कितीही स्नायू कमावले तरी आपण किरकोळच आहोत असे वाटत राहण्याचा विकार काहींना जडतो. १९९७ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले आणि २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात तो शरीरप्रतिमेच्या विकाराचा एक प्रकार म्हणून नोंदला जातो. अशा व्यक्ती व्यायामासाठी नोकरी व नाती पणाला लावतात आणि अंगभर कपडे घालून शरीर लपवतात. स्टेरॉइडचा मोहही येथेच पडतो. बाहेरून दिलेल्या या संप्रेरकांमुळे शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉन निर्मिती मंदावते, आणि ती घेणे थांबवल्यावर महिनोन्‌महिने थकवा व उदासी राहू शकते. म्हणजे ज्यासाठी व्यायाम सुरू केला तेच हातचे जाते.

आजारपण, प्रवास किंवा बाळंतपण यांमुळे पडलेला खंड बहुतेकांना वाटतो तितका नुकसानकारक नसतो. दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीत ताकद फारशी घटत नाही, आणि अधिक काळात घटलेली ताकद पहिल्यांदा कमावताना लागला त्यापेक्षा कमी वेळात परत येते, कारण मज्जासंस्थेने शिकलेले समन्वय सहजासहजी पुसले जात नाहीत. परतणाऱ्याने जुन्या वहीतील शेवटच्या आकड्यापासून नव्हे, तर त्याच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करावी. पुढचे आकडे पहिल्या खेपेपेक्षा भराभर चढताना त्याच वहीत दिसतात.