क्रीडागृहातील लाकडी जमीन

बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन अशा बंदिस्त खेळांसाठी अखंड लाकडाच्या पट्ट्या लवचीक आधारावर बसवून केलेली जमीन. बोलण्यात ‘वुडन कोर्ट’. पट्ट्यांची जाडी सामान्यतः २० ते २६ मिमी. असते. कडांना नर-मादी सांधा (एका पट्टीची जीभ शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारा) असतो आणि खिळे सांध्यातच तिरपे ठोकतात, त्यामुळे ते वरून दिसत नाहीत. प्लायवर पातळ लाकडी थर चिकटवलेल्या फळ्यांचा विचार येथे केलेला नाही.

बास्केटबॉल डिसेंबर १८९१ मध्ये (बहुधा २१ तारखेस) अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी प्रथम खेळवला. ती इमारत आज उरलेली नाही. उरलेल्यांत सर्वांत जुनी जमीन कोणती, याविषयी दोन दावे आहेत. कॅनडातील सेंट स्टीफन येथील सामन्याची तारीख १७ ऑक्टोबर १८९३ दिली जाते, तर पॅरिसच्या र्यू द त्रेव्हीझ येथील वायएमसीए (ख्रिस्ती युवक संघटना) सभागृहातील सामन्याची २७ डिसेंबर १८९३. निव्वळ तारखेने सेंट स्टीफन पुढे ठरते. तथापि पॅरिसचे सभागृह मैदानात मधोमध उभ्या असलेल्या लोखंडी खांबांसह मूळ रूपात टिकले व दीर्घकाळ वापरात राहिले. २०१९ च्या जानेवारीत त्याच रस्त्यावर झालेल्या वायुस्फोटात त्याची हानी झाली. मूळ जमीन या अर्थाने पॅरिसचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

बास्केटबॉलमुळे अशा जमिनींसाठी मॅपल या झाडाचे लाकूड रूढ झाले, असे सर्रास लिहिले जाते. पण अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि महासरोवरांच्या परिसरात शर्करा-मॅपलची विस्तीर्ण जंगले होती, आणि मॅपलच्या जमिनी बनवणाऱ्यांची संघटना १८९७ मध्येच, म्हणजे खेळ अवघा सहा वर्षांचा असताना स्थापन झाली. हाताशी असलेले कठीण, बारीक कणाचे लाकूड म्हणून मॅपल आले, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. बॉस्टनच्या सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाची प्रसिद्ध चौकटीची जमीन तर ओकची होती. युद्धोत्तर लाकूडटंचाईत, १९४६ मध्ये ती केली गेली आणि १९९९ पर्यंत वापरात राहिली. युरोपात बीच या झाडाच्या लाकडाला पसंती आहे.

लाकडाचा काठिण्यांक यान्का पद्धतीने काढतात. ११.२८ मिमी. व्यासाची पोलादी गोळी निम्मी रुतवण्यास लागणारे बल त्यासाठी मोजतात. शर्करा-मॅपलचा अंक सु. १,४५० पौंड, लाल ओकचा सु. १,२९०, सागाचा १,००० ते १,१५० च्या दरम्यान. शाळा पुष्कळदा हाच आकडा पाहून लाकूड ठरवतात, पण खेळाची जमीन काठिण्याअभावी सहसा बिघडत नाही. ती दमटपणाने बिघडते.

लाकूड हवेतील ओल घेते व सोडते, आणि त्यानुसार आडव्या अंगाने फुगते वा आक्रसते. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर असते. त्या हवेत उघडे ठेवलेले लाकूड १६ टक्क्यांच्या आसपास ओल धरते. देशावर चैत्रातल्या कोरड्या दुपारी हवा ३० टक्क्यांखाली उतरते, तिथे ही ओल ६ टक्क्यांकडे येते. बास्केटबॉलचे मैदान १५ मी. रुंद असते. नेहमीच्या पद्धतीने चिरलेल्या मॅपलमध्ये ओल एक टक्क्याने वाढली, तर या रुंदीत गणिताने सु. ५ सेंमी. वाढ होते, सागात ३ सेंमी.हून कमी. सांधे आणि खिळे यातली बरीच वाढ अडवतात, पण जोर तेवढाच लागतो आणि शेवटी जमीन मध्येच कमानीसारखी उचलली जाते. म्हणून भिंतीलगत सु. ५ सेंमी. मोकळी जागा सोडून वर पट्टी मारतात. मॅपल ३५ ते ५० टक्के आर्द्रतेत सुखाने राहते. ज्या शाळेला वर्षभर वातानुकूलन परवडणार नाही तिने अंक कमी असला तरी साग घेणे हिताचे, असे या नोंदीचे मत आहे. मात्र लागवडीतल्या कोवळ्या सागात फिकट रसकाष्ठ (सालीलगतचे बाहेरचे लाकूड) जास्त असते आणि त्याला वाळवी लागते. टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडात असतो. सागाच्या अंगचे तेल पॉलिश धरू देत नाही, म्हणून पहिल्या हाताआधी पृष्ठभाग द्रावकाने पुसून घ्यावा लागतो. पट्टी हातात घेऊन तिचे टोक पाहावे. वर्षवलयांच्या रेषा पृष्ठाशी काटकोनात उभ्या असतील, तर ती पट्टी रुंदीत बरीच कमी फुगते. मॅपलमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आत असते. 

पट्ट्यांखाली लाकडी बॅटन व रबरी ठोकळे असतात, आणि मुलांच्या गुडघ्यांचे रक्षण ही रचनाच करते. युरोपीय मानक ईएन १४९०४ (२००६) नुसार जमिनीने काँक्रीटच्या तुलनेत २५ ते ७५ टक्के आघात शोषावा, ५ मिमी.हून जास्त दबू नये आणि चेंडूचा टप्पा किमान ९० टक्के उठावा. थेट कोब्यावर चिकटवलेले उत्तम मॅपलही पहिल्या कसोटीला उतरत नाही. खालचे काँक्रीट पुरते वाळण्यापूर्वी, शाळा सुरू होण्याच्या घाईत पट्ट्या बसवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय.

अखंड लाकडाचे आयुष्य सांध्याच्या वर किती लाकूड आहे यावर ठरते. दर खेपेच्या घासाईत मिलिमीटरचा काही भाग जातो, मग नव्याने रेषा आखून पॉलिशचे हात देतात. जाडी विचारताना म्हणूनच पट्टीची एकूण जाडी नव्हे, तर सांध्यावरची जाडी विचारावी. घासताना खिळ्यांची डोकी दिसू लागली की ती जमीन पुन्हा घासता येत नाही.