बोटीवर पगार थकला तर दूतावासाकडे काय मागायचं, आणि काय नाही

परदेशी बंदरात बोट अडकली, पगार थांबला, की घरच्यांचा पहिला अर्ज दूतावासाकडे जातो. त्यात मागणी एकच: बोट जप्त करा, पगार वसूल करून द्या. हा अर्ज फेटाळला जातो, कारण कॉन्सुलला, म्हणजे परदेशात आपल्या नागरिकांची कामं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, तो अधिकारच नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार कॉन्सुलची देखरेख चालते ती आपल्या देशाचा झेंडा असलेल्या, म्हणजे आपल्या देशात नोंदवलेल्या बोटीवर. पनामाच्या झेंड्याखालच्या बोटीवर तो भारतीय माणसाला भेटेल, मदत करेल. बोटीला हात लावू शकणार नाही. ती रोखणं तिथल्या बंदर अधिकाऱ्यांच्या नाहीतर कोर्टाच्या हातात.

ही मर्यादा आजची नाही. ब्रिटिशांच्या 1894 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात कलम 238 होतं. वसाहतीच्या बंदरात परदेशी बोटीवरून खलाशी पळाला, तरी कॉन्सुलला त्याला परस्पर धरता येत नसे. त्या बोटीच्या देशासाठी राणीचा हुकूम आधीच निघालेला हवा. मग कॉन्सुलचा अर्ज, शपथेवर दिलेली माहिती, वॉरंट, पळाल्याचा पुरावा. खलाशी गुलाम असेल तर कलम लागूच नव्हतं. तेव्हा या अटी खलाशाला थोडं तरी संरक्षण देत. आज खलाशाच्याच घरच्यांना ही मर्यादा आडवी येते.

म्हणून दूतावासाकडे त्याच्या हातातलं मागा: प्रत्यक्ष भेट, पासपोर्ट नसेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र, तिथल्या वकिलांची यादी, तिकिटासाठी भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत. तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदवा आणि तिची प्रत मुंबईला डीजी शिपिंगकडे, म्हणजे जहाज वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे पाठवा. एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) क्रमांक त्यात लिहा.

पगाराचा रस्ता वेगळा आहे, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते तिथेच. सागरी कामगार करार (एमएलसी) या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातली 18 जानेवारी 2017 पासूनची दुरुस्ती सांगते की किमान दोन महिन्यांचा पगार थकवून मालकाने संबंध तोडले, तर खलाशी 'वाऱ्यावर सोडलेला' ठरतो. अन्नपाणी बंद केलं किंवा घरी पाठवायचा खर्च नाकारला, तर दोन महिनेही थांबायला नको. तरी माणसं "कॉन्ट्रॅक्ट संपू दे, मग बघू" म्हणत सात-आठ महिने काढतात. अशा वेळेसाठी या करारानुसार बोटीचा विमा असतो; ती विमा कंपनी थकलेला पगार देते तो जास्तीत जास्त चार महिन्यांचा. त्यावरच्या पैशांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. कृपा करून थांबू नका.

विम्याकडे दावा खलाशाला स्वतः किंवा त्याने नेमलेल्या माणसाला थेट करता येतो. पण विमा कंपनी कोणती, हेच घरी कुणाला माहीत नसतं. ते ज्या कागदावर असतं तो आर्थिक हमीचा दाखला बोटीवर सर्वांना दिसेल असा लावलेला असावा लागतो. झेंड्याच्या देशाने करार स्वीकारला असेल आणि परदेशी फेऱ्या करणारी बोट 500 जीटी (ग्रॉस टनेज, बोटीच्या आकारमानाचं माप) किंवा त्याहून मोठी असेल, तर तो असायलाच हवा. साइन ऑन केल्याच्या, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याच्या दिवशीच त्याचा फोटो घरी पाठवा. सोबत नोकरीच्या कराराचं प्रत्येक पान, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), बोटीचा आयएमओ क्रमांक (तिचा कायमचा ओळख क्रमांक) आणि झेंडा. मालक दुबईचा आणि एजंट मुंबईचा असला तरी अर्जात झेंड्याचाच देश लिहायचा.

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगते: न समजणाऱ्या भाषेतल्या कोर्टाच्या कागदावर सही करू नका. इजिप्तमध्ये 'एमव्ही अमान' बोटीचा सीरियन चीफ ऑफिसर अशाच कागदाने बोटीचा कायदेशीर रखवालदार ठरला आणि 2017 पासून 2021 पर्यंत तिथेच अडकला. असा कागद समोर आला तर आधी कॉन्सुलला फोन करा, वकील मागा. वकिलांची यादी देणं कॉन्सुलच्या हातात असतं.