लवादाच्या निवाड्याला कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर आव्हान (बेळगाव सीमाभाग)

बाजू मांडण्याची रीतसर संधीच मिळाली नाही, या कारणावरून लवादाचा (न्यायालयाबाहेर वाद ऐकून निकाल देणाऱ्याचा) निवाडा रद्द करून मागण्यासाठी न्यायालयात करायचा अर्ज. तो १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली होतो. या मुद्द्यावर निवाड्यातली रक्कम बरोबर की चूक हे न्यायालय पाहत नाही. लवादाच्या नेमणुकीची आणि कामकाजाची नोटीस पोहोचली का, म्हणणे मांडता आले का, हे पाहते. दोन्ही पक्षांना सारखी वागणूक देण्याचे बंधन कलम १८ ने लवादावर घातले आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सामान्य माणसाची लवादाशी गाठ पडते ती ट्रक-ट्रॅक्टरच्या कर्जात, बहुराज्य पतसंस्थेच्या थकबाकीत किंवा राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात.

यांत वाहनकर्जदाराची अडचण सर्वांत बिकट. करारात लवादाचे ठिकाण चेन्नई किंवा मुंबई लिहिलेले असते. नोटीस करारातल्या पत्त्यावर जाते आणि माणूस कामाला गोव्यात किंवा पुण्यात असतो. शोध घेऊनही तो सापडला नाही, तर शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस कायद्याने पोहोचल्यातच जमा होते. मालमत्ता जिथे असेल तिथल्या न्यायालयात वसुलीची दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) थेट दाखल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. त्यामुळे कित्येकांच्या हाती पहिला कागद पडतो तो बेळगावच्या न्यायालयातून आलेला दरखास्तीचा. पण निवाडा रद्द करून मागायचा तर लवादाचे ठिकाण ठरले असेल तिथेच जावे लागते. वसुली दाराशी आणि दाद परमुलखात, ही रचना गरीब कर्जदारावर अन्याय करणारी आहे.

कर्ज देणाऱ्या कंपनीने एकटीनेच नेमलेला लवाद हा कर्जदाराच्या हातातला भक्कम मुद्दा. वादाच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने स्पष्ट केले.

भाषेचा प्रश्न इथला खास. करार इंग्रजीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, वाचणारा मराठी. कलम २२ प्रमाणे भाषा पक्षांनी ठरवायची, नाही ठरली तर लवादाने. नुसते ‘मला कळले नाही’ म्हणणे न्यायालयात लंगडे पडते. भाषांतर लेखी मागितले आणि ते नाकारले गेले असेल, तर मुद्द्याला वजन येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अन्याय लवादापुढच्या कागदपत्रांवरूनच दाखवावा लागतो, म्हणून हरकत त्याच वेळी नोंदवलेली हवी.

पक्षकारांपुढे न ठेवलेल्या कागदावर उभा केलेला निवाडाही टिकत नाही. सांगयाँग प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा रद्द केला. जमिनीचा दर ठरवताना शेतकऱ्याला न दाखवलेले खरेदीखत वापरले, तर हाच आधार घेता येतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या हकीम निकालाप्रमाणे (२०२१) न्यायालय मोबदला वाढवून देत नाही. निवाड्यात बदल करण्याची मर्यादित मुभा २०२५ मध्ये मान्य झाली, तरी निवाडा रद्द झाल्यास शेतकऱ्याला बहुधा पुन्हा पहिल्यापासून लवादापुढे उभे राहावे लागते.

लवादाचे ठिकाण बेळगाव असेल आणि तिथल्या न्यायालयाने अर्ज फेटाळला, तर अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते. नुसता अर्ज केल्याने वसुली थांबत नाही; स्थगिती वेगळी मागावी लागते. निवाडा रद्द करून मागण्याच्या अर्जाची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एकही नाही. ती मोजतात निवाड्याची सहीची प्रत पक्षाच्या हाती पडल्यापासून, म्हणून टपालाच्या शिक्क्याचा लिफाफा जपून ठेवावा लागतो.