प्लस-मायनस आणि कोर्सी: तरुण बचावपटूचे माप कोणत्या आकड्याने घ्यावे?

२०२०-२१ चा आइस हॉकीचा हंगाम संपला तेव्हा बफेलो सेबर्सचा बचावपटू रास्मुस दालीन नुकताच २१ वर्षांचा झाला होता आणि त्याच्या प्लस-मायनसच्या रकान्यात उणे ३६ हा आकडा होता. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची आळीपाळीने केलेल्या निवडीत, सर्वांत आधी निवडला गेलेला, पहिल्याच हंगामात ४४ गुण (गोल आणि गोलाला केलेले साहाय्य मिळून) मिळवणारा हा स्वीडिश मुलगा तिसऱ्या हंगामात ५६ सामन्यांतून एवढ्या खोल उण्यात गेला, तेव्हा त्याला बचाव जमत नाही हा निष्कर्ष अनेकांना उघड वाटला. तो का घाईचा होता, हे समजून घ्यायचे तर प्लस-मायनस आणि कोर्सी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. या दोन्हींची नेहमी गल्लत होते, कारण दोन्ही अधिक-उण्याच्या चिन्हांनी लिहिले जातात, दोन्हींत खेळाडू बर्फावर असताना काय घडले याचीच मोजदाद असते, आणि वरवर पाहता दुसरा आकडा पहिल्याचेच नवे नाव वाटतो.

प्लस-मायनस हा जुना आकडा. नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल १९६७-६८ च्या हंगामापासून तो अधिकृतपणे नोंदवते. खेळाडू बर्फावर असताना त्याच्या संघाने गोल केला तर अधिक एक आणि प्रतिस्पर्ध्याने केला तर उणे एक, इतका तो सोपा वाटतो. गोम बारीक नियमांत आहे. पॉवर प्लेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना केलेला गोल मोजला जात नाही. पण त्याच पॉवर प्लेमध्ये उलटा गोल बसला, तर बर्फावरच्या पाचही जणांना उणे एक मिळतो. हरणारा संघ अखेरच्या मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर बोलावून जादा आक्रमक उतरवतो. त्या वेळी रिकाम्या जाळ्यात गेलेला गोलही उणे म्हणूनच नोंदवला जातो. आता अशा क्षणी प्रशिक्षक बर्फावर कोणाला ठेवतो, याचा विचार करावा. पक, म्हणजे या खेळातली चेंडूच्या जागची रबरी चकती, हाताळण्यात सर्वांत तरबेज असलेला बचावपटूच तिथे असतो. कमकुवत संघातला गुणी तरुण पॉवर प्लेही चालवतो आणि शेवटच्या हताश मिनिटांतही खेळतो, त्यामुळे त्याच्या कर्तृत्वातला मोठा भाग या आकड्याच्या बाहेर राहतो आणि संघाची हार मात्र त्याच्या नावावर चढते.

कोर्सी गोल मोजत नाही, गोलाच्या दिशेने झालेले सगळे प्रयत्न मोजतो. गोलरक्षकाने अडवलेला फटका, जाळ्याबाहेर गेलेला फटका, वाटेत कोणाच्या अंगावर आदळून थांबलेला फटका आणि अर्थात गोल झालेला फटका, या सर्वांची किंमत सारखी. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाचे प्रयत्न किती आणि समोरच्यांचे किती, यांची वजाबाकी म्हणजे कोर्सी. एकूण प्रयत्नांतला आपला वाटा टक्क्यांत काढला की ५० च्या वर चांगले, खाली वाईट, असे ढोबळपणे वाचता येते. हा हिशोब बहुतेक वेळा फक्त पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या वेळेपुरता मांडतात, त्यामुळे प्लस-मायनसमधला शिक्षेच्या वेळेचा घोळ तिथेच संपतो. हे नाव जिम कोर्सी यांच्यावरून पडले आणि ते याच बफेलो सेबर्सचे गोलरक्षक-प्रशिक्षक होते. फटका अडला काय किंवा बाहेर गेला काय, गोलरक्षकाला हालचाल करावीच लागते, म्हणून त्याच्यावरचा खरा भार मोजण्यासाठी हे सारे प्रयत्न धरायचे, हा मूळ विचार होता. टिम बार्न्स या विश्लेषकाने ती मोजणी बाकीच्या खेळाडूंना लावली आणि तिला कोर्सींचे नाव दिले. २०१५ मध्ये एनएचएलने हीच मोजणी ‘शॉट अटेम्प्ट्स’ या नावाने आपल्या अधिकृत आकडेवारीत घेतली.

फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून एकच शिफ्ट, म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक छोटी पाळी, पाहू. ती माझ्या कल्पनेतली आहे, पण अशा शिफ्ट प्रत्येक सामन्यात दिसतात. समजा पक आपल्या गोलामागच्या कोपऱ्यात गेला आहे आणि वीस वर्षांचा बचावपटू तो आणायला निघाला आहे. पाठीवर प्रतिस्पर्धी धावून येतो आहे. पकपर्यंत पोचण्याआधी तो एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, डावीकडे निघाल्याची हूल देतो आणि उजवीकडे वळून मधल्या खेळाडूच्या स्टिकवर सरळ पास देतो. पक आपल्या टोकाची हद्द असलेल्या निळ्या रेषेपलीकडे जातो. पुढच्या पंचवीस सेकंदांत त्याचे सहकारी तीन फटके मारतात. एक अडतो, एक बाहेर जातो, एक गोलरक्षक पकडतो. मग फेसऑफ होतो, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो, पक उलटतो, समोरचा खेळाडू लांबून एक साधा फटका मारतो आणि तो कोणाच्या तरी नडगीला लागून दिशा बदलत जाळ्यात जातो. शिफ्ट संपली. प्लस-मायनसच्या वहीत या मुलापुढे उणे एक. कोर्सीच्या वहीत तीन विरुद्ध एक, म्हणजे अधिक दोन. तोच खेळाडू, तीच शिफ्ट, आणि दोन वह्यांत दोन उलट निकाल. पकच्या मागे जाताना दोनदा वळून पाहण्याची ती सवय, जिच्यावर बचावपटूचे भवितव्य बऱ्याच अंशी ठरते, ती यांपैकी कोणत्याच वहीत सरळ लिहिलेली नाही. पण तिचा परिणाम कोर्सीत लवकर उमटतो.

लवकर का, याचे उत्तर संख्येत आहे. ढोबळ हिशोब करू. बचावपटू एका सामन्यात पाच विरुद्ध पाचमध्ये सुमारे १७ मिनिटे खेळतो असे धरले, तर ८२ सामन्यांत साधारण २३ तास होतात. तासाला प्रत्येक संघाचे सुमारे अडीच गोल आणि ५७ च्या आसपास प्रयत्न धरले, तर हंगामभरात त्याच्यासमोर दोन्ही बाजू मिळून जेमतेम ११६ गोल घडतात, आणि प्रयत्न मात्र २,६०० च्या घरात जातात. अगदी मध्यम दर्जाच्या, खऱ्या अर्थाने शून्यावर असायला हवा अशा बचावपटूचा प्लस-मायनस केवळ योगायोगाने अधिक ११ किंवा उणे ११ च्याही पलीकडे जाण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. कोर्सीच्या टक्क्यांत तोच योगायोग एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक पाडतो. तरुण खेळाडूच्या बाबतीत ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण त्याच्याकडे मागचे पाच हंगाम नसतात. एक असतो, कधी अर्धाच असतो, आणि त्यावर त्याचा करार, त्याची जागा आणि पुष्कळदा त्याचा आत्मविश्वास ठरतो.

योगायोगाचा मोठा वाटा गोलरक्षकामार्फत येतो. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाच्या फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले आणि आपल्या गोलरक्षकाने किती टक्के फटके अडवले, यांची बेरीज १०० च्या आसपास यायला हवी. विश्लेषक तिला पीडीओ म्हणतात. एखाद्या बचावपटूची ही बेरीज ९६ आली, तर त्याच्या मागे गोलरक्षक ढासळला होता किंवा पुढच्यांचे फटके जाळ्यात जात नव्हते, किंवा दोन्ही. या बेरजेवर एकट्या बचावपटूचा ताबा फार थोडा असतो आणि पुढच्या हंगामात ती बहुधा १०० कडे परतते. प्लस-मायनस आणि कोर्सी एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले की आधी पीडीओ पाहावा. निम्म्या वेळी कोडे तिथेच सुटते.

एवढ्यावरून कोर्सीला सत्य आणि प्लस-मायनसला असत्य ठरवणे मला मान्य नाही. दोन्ही आकडे मुळात संघाचे आहेत. क्रिकेटमध्ये भागीदारीच्या सगळ्या धावा नॉन-स्ट्रायकरच्या खात्यावर लिहिल्या तर जे होईल, ते या दोन्हींत होते. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सचा बचावपटू बिल मिकेल्सन उणे ८२ वर राहिला आणि तो आजही लीगचा नीचांक आहे. पण तो संघ नवा होता आणि ८० पैकी फक्त ८ सामने जिंकला होता. उलट टोकाला १९७०-७१ मध्ये बॉबी ऑरचा अधिक १२४ हा विक्रम आहे. ऑर असामान्य होताच, तरी त्याच्याभोवतीचा बॉस्टन ब्रुइन्सही त्या काळचा सर्वांत जास्त गोल करणारा संघ होता. कोर्सीही या दोषातून सुटत नाही. चांगल्या जोडीदाराबरोबर खेळणाऱ्याचा टक्का चढतो, दुबळ्या जोडीदाराबरोबर उतरतो.

दालीनच्या त्या हंगामाकडे आता पुन्हा पाहता येईल. उणे ३६ हा आकडा इतका मोठा आहे की तो निव्वळ नशिबाने आला, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पण बफेलोने त्या हंगामात ५६ पैकी १५ सामने जिंकले आणि मध्ये सलग १८ सामने त्यांना एकही विजय मिळाला नाही. मार्चमध्ये प्रशिक्षक राल्फ क्रूगर यांना काढण्यात आले आणि डॉन ग्रॅनाटो आले. रिकाम्या जाळ्यातले गोल, पॉवर प्लेमधून वगळलेले गोल, ढासळलेला संघ, हे सगळे त्या एका आकड्यात मिसळलेले आहे आणि त्यातून दालीनचा स्वतःचा वाटा वेगळा काढायला प्लस-मायनसकडे कोणतेही साधन नाही.

कोर्सीकडे थोडे साधन आहे. खेळाडू बर्फावर असताना संघाचा टक्का आणि तो बाकावर असताना संघाचा टक्का यांची वजाबाकी केली की सापेक्ष कोर्सी मिळतो. संघ ४६ टक्क्यांवर रखडत असेल आणि हा मुलगा बर्फावर असताना तो ४९ वर येत असेल, तर ४९ हा आकडा ५० च्या खाली असूनही मुलगा संघाला वर ओढतो आहे. हरणाऱ्या संघातल्या तरुणासाठी हा आकडा मला सर्वांत न्याय्य वाटतो. मात्र इथे एक सावधगिरी हवीच. आघाडीवरचा संघ मागे सरून बचाव करतो आणि पिछाडीवरचा संघ भराभर फटके मारतो, त्यामुळे सतत हरणाऱ्या संघाचा कोर्सी खऱ्याहून बरा दिसतो. म्हणून आघाडी-पिछाडीची स्थिती लक्षात घेऊन दुरुस्त केलेला कोर्सीच वापरावा. शिफ्टची सुरुवात आपल्या टोकाला झाली की समोरच्यांच्या, हेही पाहतात. पण पुष्कळ शिफ्ट खेळ चालू असतानाच बदलतात, त्यामुळे त्याचा परिणाम पूर्वी समजला जाई तेवढा मोठा नसतो.

कोर्सीचा खरा आंधळेपणा फटक्याच्या दर्जाबाबत आहे. निळ्या रेषेवरून मारलेला लांबचा फटका आणि गोलाच्या तोंडाशी परत आलेल्या पकवर मारलेला फटका, दोन्ही त्याच्या लेखी एकच. स्वतःच्या अंगावर फटका झेलून गोल वाचवणाऱ्या बचावपटूलाही कोर्सी उणे एक देतो आणि जुन्या पिढीच्या प्रशिक्षकांना ते खटकते. त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते, कारण फटका अडवावा लागला याचा अर्थ पक समोरच्यांकडे होता. तरी तो फटका कुठून येऊ दिला, यात बचावपटूचे कौशल्य असते हे नाकारता येत नाही. ही उणीव अपेक्षित गोल हा आकडा भरतो. त्यात प्रत्येक फटक्याला अंतर, कोन आणि प्रकार पाहून गोल होण्याची शक्यता दिली जाते आणि मग त्यांची बेरीज होते. एखाद्या तरुणाचा कोर्सी ५२ आणि अपेक्षित गोलांचा वाटा ४७ असेल, तर तो पक पुढे नेतो, पण स्वतःच्या गोलासमोरची जागा मोकळी सोडतो. आणि हा दोष वयाबरोबर, चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, सुधारण्यासारखा असतो.

एरिक कार्लसन हे नाव इथे घ्यायलाच हवे. २०१०-११ मध्ये ऑटावा सेनेटर्सकडून खेळताना विशीतला हा बचावपटू उणे ३० वर होता. पुढच्याच हंगामात तो ७८ गुणांसह अधिक १६ वर आला आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याला मिळाली. २०२२-२३ मध्ये सॅन होजे शार्क्ससारख्या तळाच्या संघात त्याने १०१ गुण मिळवले, तिसरी नॉरिस ट्रॉफी जिंकली आणि त्याच हंगामात त्याचा प्लस-मायनस उणे २६ होता. दालीनची वाटही फार वेगळी गेली नाही. उणे ३६ नंतर बफेलोने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. २०२२-२३ मध्ये त्याने ७३ गुण मिळवले आणि तो अधिक १२ वर होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांचा, ८.८ कोटी डॉलरचा करार झाला आणि २०२४ मध्ये तो संघाचा कर्णधार झाला.

आज एखाद्या वीस-एकवीस वर्षांच्या बचावपटूचा आकड्यांचा तक्ता माझ्यासमोर आला, तर मी प्लस-मायनसचा रकाना शेवटी वाचतो. आधी दुरुस्त केलेला सापेक्ष कोर्सी, मग अपेक्षित गोल, मग पीडीओ, आणि त्यानंतर त्याचा नेहमीचा जोडीदार कोण होता आणि त्या जोडीदाराशिवाय खेळलेल्या मिनिटांत काय घडले, हे पाहतो. ती मिनिटे शंभर-दोनशेच असतील तर त्यांवरून काहीही ठरवत नाही. मग चित्रफीत लावतो आणि पकच्या मागे कोपऱ्यात जाताना तो मुलगा खांद्यावरून मागे पाहतो का, हे बघतो.