देणगीदार की सभासद? विम्बल्डनच्या फुटबॉल क्लबची पार्श्वभूमी

सांगलीत ‘सभासद’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वडिलांचं साखर कारखान्याच्या शेअरचं सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत सात-बाराच्या उताऱ्यांसोबत असायचं, घड्यांवर विरलेलं. वार्षिक सभेच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच निघायचे. सभेत ते फारसे बोलत नसत, पण अहवाल घरी आणून रात्री जमाखर्चाची पानं बोट ठेवून वाचायचे. दोन एकर ऊस असलेला आणि वीस एकर असलेला, दोघांनाही मत एकेकच, हे त्यांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं.

हे आठवायचं कारण फुटबॉल. आमच्या भागातली पोरं गेली काही वर्षं संघ चालवतात. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल बुटांना किलो-किलोने चिकटतो, तरी संध्याकाळी मैदानावर पंचवीस-तीस जण असतात. हंगामाआधी पावती पुस्तक घेऊन दुकानादुकानात फिरायचं, जमलेल्या वर्गणीतून बॉल, जर्सी आणि प्रवेश फी भागवायची. यंदा त्यांच्यात चर्चा निघाली, की एखादा मोठा पुरस्कर्ता गाठावा आणि संघ त्याच्या नावाने खेळवावा. पोरांची ओढाताण मी बघतो, त्यामुळे त्यांना चूक म्हणवत नाही. पण निर्णय घेण्याआधी लंडनच्या एका उपनगरात काय घडलं ते त्यांना माहीत असावं, म्हणून हे लिहितो आहे.

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. तिथला फुटबॉल क्लब १८८९ चा, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. सुरुवातीला ते गावच्या माळावर, विम्बल्डन कॉमनवर खेळत. पुढे प्लाव लेन हे मैदान मिळालं. अनेक दशकं हौशी आणि खालच्या स्पर्धांत काढल्यावर १९७७ मध्ये क्लबला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या वरच्या चार श्रेणींत, प्रवेश मिळाला आणि अवघ्या नऊ वर्षांत तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. १९८८ मध्ये वेम्बलीवर एफए कप या इंग्लंडच्या मानाच्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी बलाढ्य लिव्हरपूलला १-० ने हरवलं. गोल लॉरी सांचेझचा. आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ.

उतरती कळा पुढे लागली. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत अनेक प्रेक्षक दगावले, त्यानंतर मोठ्या क्लबांच्या मैदानात सगळ्यांना बसायला खुर्च्या हव्यात असा नियम आला. प्लाव लेनवर ते परवडणार नाही, असं सांगून मालकांनी १९९१ मध्ये क्लब दुसऱ्याच्या मैदानात, सेलहर्स्ट पार्कला भाडेकरू म्हणून नेला. १९९८ मध्ये जुनी जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. मग २००१ मध्ये मालकांनी जाहीर केलं, की क्लब तिथून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवायचा आहे. चाहत्यांनी मोर्चे काढले, सामन्यांवर बहिष्कार टाकला. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. त्याच अहवालात असंही म्हटलं होतं, की चाहत्यांनी विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

शंभराहून जास्त वर्षांचा क्लब, पिढ्यान् पिढ्या तिकिटं काढणारी माणसं, आणि कागदावर त्यांचा काडीचाही हक्क नव्हता. ते गिऱ्हाईक होते. माझ्या मते हा सगळा इतिहास याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो.

पण चाहते थांबले नाहीत. निर्णयानंतर काही दिवसांतच त्यांनी नवा क्लब काढायचं ठरवलं. खेळाडू कुठून आणायचे? २९ जूनला त्यांनी विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे जिथे मूळ क्लबचा पहिला बॉल उडाला होता त्याच माळावर, खुली निवड चाचणी ठेवली. २३० खेळाडू आले. १० जुलैला एएफसी विम्बल्डनचा पहिला मैत्रीपूर्ण सामना सटन युनायटेडशी झाला. ४-० ने हरले, पण बघायला साडेचार हजारांवर माणूस होता. संघाला जागा मिळाली ती इंग्लिश फुटबॉलच्या वरून नवव्या पायरीवरच्या कम्बाइंड काउंटीज लीगमध्ये, जिथे एरवी शे-दीडशे प्रेक्षक म्हणजे गर्दी. त्या पहिल्या हंगामात या संघाची सरासरी गर्दी तीन हजारांच्या वर गेली, वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या मूळ क्लबपेक्षाही जास्त.

मैदानावरची पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगचे सलग ७८ सामने ते हरले नाहीत. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून २०११ मध्ये ल्यूटनला पेनल्टींवर हरवत ते पुन्हा फुटबॉल लीगमध्ये दाखल झाले.

खरी बघण्यासारखी गोष्ट मैदानाबाहेरची आहे. क्लबची मालकी त्यांनी ‘डॉन्स ट्रस्ट’ या चाहत्यांच्याच संस्थेकडे ठेवली. नावात ट्रस्ट असला तरी कायद्याने तो आपल्या सोसायटीच्याच जातीचा. कुणी कितीही पैसे घातले तरी सभासदाला एकच मत. ही कल्पना फुटबॉलमधून आलेली नाही. तिचं मूळ १८४४ मध्ये आहे, रॉचडेल गावातल्या विणकरांनी आणि कारागिरांनी एकेक पौंड जमवून काढलेल्या किराणा दुकानात. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला, पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, आणि आपल्याकडे वसंतदादांनी सांगलीत. म्हणजे विम्बल्डनच्या चाहत्याचं ओळखपत्र आणि वडिलांच्या पेटीतलं ते सर्टिफिकेट एकाच घराण्यातले आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पेटी उघडून तो कागद पुन्हा एकदा बघितला.

चाहत्यांनी संघटित होऊन क्लबात शिरण्याची वाट इंग्लंडमध्ये १९९२ साली नॉर्थॅम्प्टन टाउनच्या पाठीराख्यांनी दाखवली होती. क्लब कर्जात बुडाला होता, ब्रायन लोमॅक्स यांच्या पुढाकाराने चाहत्यांनी ट्रस्ट काढला आणि संचालक मंडळात प्रतिनिधी पाठवला. विम्बल्डनकरांपुढे हा धडा होता. जर्मनीत तर क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांकडेच राहावं असा नियम आहे, ५०+१ नावाचा. बार्सिलोना आजही सभासदांचा आहे आणि अध्यक्ष त्यांच्याच मतांनी निवडला जातो.

आपल्या शेजारी कोल्हापूरला पेठांच्या तालमींनी फुटबॉल जगवला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं सांगली-मिरजेतही ठाऊक आहेत, शाहू स्टेडियमवरचा सामना बघायला इथून गाड्या भरून जातात. ते प्रेम अस्सल आहे. पण प्रेम असणं आणि वहीत सभासद म्हणून नाव असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. विम्बल्डनकरांचं प्रेम २००२ च्या आधीही कमी नव्हतं.

सभासदांची मालकी सोपी नसते, हेही सांगायला हवं. जुन्या प्लाव लेनपासून हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियम बांधायला घेतलं तेव्हा २०१९ च्या अखेरीस मोठी रक्कम कमी पडली. बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा विकावा का, यावर सभासदांत कडाक्याचं भांडण झालं. आपल्या कारखान्यांच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते वातावरण ओळखीचं वाटेल. शेवटी काही सभासदांनी कर्जरोखे काढले. रक्कम सामान्य माणसाने द्यायची, व्याजही त्यानेच ठरवायचं, जास्तीत जास्त ४ टक्के. २०२० च्या सुरुवातीला त्यातून ५० लाख पौंडांहून अधिक जमले आणि बहुमत सभासदांच्याच हाती राहिलं.

३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टरविरुद्ध नव्या प्लाव लेनवर पहिला सामना झाला, २-२ बरोबरीचा. एकोणतीस वर्षांनी क्लब घरी आला होता आणि कोविडमुळे स्टँड रिकामे होते. ज्यांच्या पैशांनी त्या खुर्च्या बसल्या, ते घरी बसून सामना पाहत होते.

आमच्या पोरांचं पावती पुस्तक आत्ता माझ्यासमोर आहे. वर संघाचं नाव, खाली रक्कम, आणि मधल्या ओळीत छापील शब्द ‘देणगीदार’. नवी पुस्तकं पुढच्या आठवड्यात छपाईला जायची आहेत. तो शब्द बदलून तिथे ‘सभासद क्रमांक’ घाला, आणि हंगाम संपला की हिशेबासह सभा बोलवा, एवढं मी त्यांना सांगितलं आहे. पहिल्या पावतीचे पैसे दिले आहेत.